राजाजी आणि स्वतंत्र पक्ष : सत्तेला लगाम घालण्याचा ध्यास

चेन्नई, १० डिसेंबर : भारताचे अखेरचे आणि त्या पदावर बसलेले एकमेव भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांची आज जयंती. राजाजी या सुटसुटीत नावाने देशभर ओळखल्या गेलेल्या या नेत्याने वकील, सत्याग्रही, मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्रीय गृहमंत्री आणि साहित्यिक अशा अनेक भूमिका एकाच आयुष्यात पार पाडल्या. मात्र त्यांचे सर्वांत धाडसी राजकीय पाऊल पडले ते वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यानंतर. ज्या वयात समकालीन नेते आत्मचरित्रे लिहीत होते, त्या वयात त्यांनी पंडित नेहरूंच्या काँग्रेसला आव्हान देण्यासाठी १९५९ साली स्वतंत्र पक्षाची स्थापना केली.

हा पक्ष जेमतेम पंधरा वर्षे टिकला. केंद्रात तो कधी सत्तेवर आला नाही आणि तशी शक्यताही कधी निर्माण झाली नाही. तरीही काँग्रेस आणि साम्यवादी या दोन प्रवाहांच्या पलीकडे, समाजवादाचे कोणतेही रूप न स्वीकारणारा एक उदारमतवादी आणि परंपरेचा मान राखणारा तिसरा पर्याय त्याने भारतीय लोकशाहीसमोर ठेवला. एकच पक्ष केंद्रात आणि बहुतेक राज्यांत सत्तेवर असताना त्या सत्तेला आवर कोणी घालायचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. विशेष म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्या राजाजींनी स्वतः ती सत्ता जवळून अनुभवली होती आणि प्रसंगी कठोरपणे वापरलीही होती. स्वतंत्र पक्षाची उद्दिष्टे समजून घ्यायची असतील, तर त्यांच्या संस्थापकाचे आयुष्य पाहावे लागते ते यामुळेच.

होसूर ते वेदारण्यम

राजाजींचा जन्म १० डिसेंबर १८७८ रोजी तत्कालीन सेलम जिल्ह्यातील होसूरजवळच्या तोरप्पळ्ळी या खेड्यात झाला. वडील गावचे मुन्सिफ होते. होसूर, बंगळूर आणि मद्रास येथे शिक्षण घेऊन त्यांनी १९०० च्या सुमारास सेलममध्ये वकिली सुरू केली. अल्पावधीतच या व्यवसायात त्यांचा जम बसला. १९१७ मध्ये ते सेलम नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पत्नीच्या अकाली निधनानंतर पाच मुलांचा सांभाळ करीत त्यांनी पुढील आयुष्य एकट्यानेच काढले.

१९१९ साली महात्मा गांधी मद्रासमध्ये राजाजींकडे मुक्कामाला होते. रौलट कायद्याविरुद्ध देशव्यापी हरताळ पुकारण्याची कल्पना गांधीजींना याच मुक्कामात सुचली. त्यानंतर राजाजींनी भरभराटीला आलेली वकिली सोडली आणि असहकाराच्या चळवळीत उडी घेतली. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी शिक्षा भोगली. कायदेमंडळात जाण्याच्या प्रश्नावर काँग्रेसमध्ये फूट पडली, तेव्हा ते बहिष्कारावर ठाम राहणाऱ्या गटाचे अग्रणी होते. १९२५ मध्ये तिरुचेंगोडजवळ आश्रम काढून त्यांनी खादी, अस्पृश्यतानिवारण आणि दारूबंदीचे काम हाती घेतले. १९३० साली गांधीजींच्या दांडीयात्रेच्या धर्तीवर त्यांनी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमपर्यंत सुमारे १५० मैलांची पदयात्रा काढली. शंभरेक निवडक स्वयंसेवकांसह समुद्रकिनारी पोहोचून त्यांनी मिठाचा कायदा मोडला आणि अटक करवून घेतली.

त्यांच्या आयुष्यातील दोन महत्त्वाचे प्रसंग पुण्याशी जोडलेले आहेत. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवडा तुरुंगात गांधीजींचे उपोषण सुरू असताना झालेल्या पुणे कराराच्या वाटाघाटींत ते सहभागी होते. करारावर स्वाक्षऱ्या झाल्यानंतर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याशी आपल्या लेखणीची अदलाबदल केल्याची आठवण त्या काळच्या वृत्तांतांत नोंदली गेली आहे. पुढच्याच वर्षी त्यांची कन्या लक्ष्मी आणि गांधीजींचे पुत्र देवदास यांचा विवाह पुण्यातच पार पडला. वधू ब्राह्मण आणि वर वैश्य असल्याने त्या काळी हा विवाह रूढीला धक्का देणारा होता. दोन्ही वडिलांनी मुलांना काही वर्षे थांबायला लावले, त्यांच्या निर्धाराची खात्री करून घेतली आणि मगच संमती दिली. परंपरेविषयी आदर, तिच्यातील अन्यायाची जाणीव आणि बदलासाठी सावकाश पण निश्चित चालण्याची वृत्ती हे राजाजींच्या स्वभावाचे तीन घटक या प्रसंगात एकत्र दिसतात.

सत्तेची पहिली पारख

१९३७ च्या निवडणुकीनंतर मद्रास प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि राजाजी त्याचे प्रमुख झाले. कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा त्यांनी केला. आपल्या सेलम जिल्ह्यापासून त्यांनी दारूबंदीला प्रारंभ केला. त्यातून बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर लागू केला. देशातील या स्वरूपाचा हा पहिला कर मानला जातो. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात त्याच वर्षी दलितांचा प्रवेश झाला, तेव्हा त्यात सहभागी झालेल्यांना संरक्षण देणारा कायदा त्यांच्या सरकारने केला.

याच कारकिर्दीला दुसरी बाजूही होती. शाळांमध्ये हिंदी सक्तीची करण्याच्या निर्णयाविरुद्ध तमिळ भागात मोठे आंदोलन उभे राहिले. पेरियार रामस्वामी यांच्यासह हजाराहून अधिक आंदोलकांना तुरुंगात टाकण्यात आले. त्यासाठी वापरला गेलेला फौजदारी कायदा सुधारणा अधिनियम हा ब्रिटिशांनी सविनय कायदेभंग मोडून काढण्यासाठी वापरलेलाच कायदा होता. कालपर्यंत ज्या कायद्याचा निषेध केला, तोच हाती आल्यावर किती सोयीचा वाटू लागतो, याचे हे उदाहरण राजाजींच्या विरोधकांनी कधी विसरू दिले नाही.

ऑक्टोबर १९३९ मध्ये अन्य प्रांतांप्रमाणे मद्रासच्या मंत्रिमंडळानेही राजीनामा दिला. त्यानंतरच्या काळात राजाजी काँग्रेसमध्ये एकाकी पडत गेले. मुस्लिम लीगच्या मागणीशी काही तडजोड केल्याशिवाय स्वराज्य जवळ येणार नाही, असे त्यांचे मत बनले आणि १९४२ च्या छोडो भारत आंदोलनाला त्यांनी विरोध केला. त्यासाठी पक्षाचे सदस्यत्व सोडण्याचीही त्यांनी तयारी दाखवली. लोकप्रियतेची पर्वा न करता आपले मत मांडण्याची ही किंमत त्यांना पुढे मोजावी लागली. गव्हर्नर जनरल म्हणून जून १९४८ ते २६ जानेवारी १९५० या काळात त्यांनी राष्ट्रप्रमुखपद सांभाळले होते. त्यामुळे पहिले राष्ट्रपती तेच व्हावेत, अशी नेहरूंची इच्छा होती. परंतु १९४२ ची भूमिका काँग्रेसजन विसरले नव्हते. त्या पदावर डॉ. राजेंद्रप्रसाद यांची निवड झाली.

सरदार पटेल यांच्या निधनानंतर डिसेंबर १९५० मध्ये राजाजी केंद्रीय गृहमंत्री झाले. खटल्याविना स्थानबद्ध करण्याची तरतूद असलेल्या कायद्याची मुदत त्यांनी संसदेकडून वाढवून घेतली. वृत्तपत्रांतील आक्षेपार्ह मजकुरावर कारवाईचा अधिकार देणारा १९५१ चा कायदाही त्यांनीच मांडला. जमीनविषयक कायद्यांना न्यायालयीन आव्हानापासून अभय देणारे नववे परिशिष्ट राज्यघटनेत समाविष्ट झाले, ते याच वर्षीच्या पहिल्या घटनादुरुस्तीने. त्या वेळी राजाजी मंत्रिमंडळात होते.

नियंत्रणे उठवण्याचा धडा

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मद्रास राज्यात काँग्रेसला बहुमत मिळाले नाही. साम्यवाद्यांच्या नेतृत्वाखालील आघाडी सत्तेच्या जवळ पोहोचली होती. अशा वेळी निवडणूक न लढवलेल्या राजाजींना राज्यपालांनी विधान परिषदेवर नियुक्त केले आणि ते मुख्यमंत्री झाले. ही नियुक्ती तेव्हाही वादग्रस्त ठरली होती.

त्या वर्षी जूनमध्ये त्यांनी घेतलेला एक निर्णय त्यांच्या पुढील विचारांचा पाया ठरला. दुसऱ्या महायुद्धापासून धान्याचे शिधावाटप आणि वाहतुकीवरील नियंत्रणे सुरू होती. टंचाईच्या काळात ती उठवली तर हाहाकार माजेल, अशी भीती अधिकारी व्यक्त करीत होते. राजाजींनी ती उठवली. केंद्रीय अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांचा त्यांना पाठिंबा होता. व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी दडवून ठेवलेले धान्य बाजारात आले आणि भाकीत केलेला हाहाकार माजला नाही. सरकारी नियंत्रण टंचाई दूर करण्याऐवजी ती टिकवून ठेवते, तपासनीस आणि परवाने वाढले की लाचखोरीही वाढते, असा निष्कर्ष त्यांनी यातून काढला. परमिट-लायसन्स राज ही संज्ञा पुढे त्यांनीच रूढ केली.

या कारकिर्दीचा शेवट मात्र कटू झाला. १९५३ मध्ये त्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांचे तास कमी करून दोन पाळ्यांत वर्ग भरवण्याची योजना आणली. शाळेबाहेरच्या वेळेत मुलांनी आईवडिलांचा व्यवसाय शिकावा, अशी त्यामागची कल्पना होती. अपुऱ्या पैशात अधिक मुलांना शाळेत आणण्याचा तो मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु जिथे व्यवसाय जातीने ठरतो, तिथे चांभाराच्या मुलाने चांभारकीच शिकावी, असा या योजनेचा अर्थ निघत होता. विरोधकांनी तिला कुलशिक्षणाचे नाव दिले आणि राज्यभर असंतोष पसरला. राजाजींनी ही योजना पुरेशी चर्चा न करता रेटली होती. एप्रिल १९५४ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेले के. कामराज यांनी ती मागे घेतली. परंपरेवरील विश्वास आणि तिच्या ओझ्याखाली पिचलेल्यांचा अनुभव यांतील अंतर राजाजींना इथे उमगले नाही. त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातील ही मोठी चूक मानली जाते.

त्याच वर्षी त्यांना भारतरत्न सन्मान मिळाला. पहिल्या तीन मानकऱ्यांत डॉ. राधाकृष्णन आणि सर सी. व्ही. रामन यांच्यासह त्यांचा समावेश होता. महाभारत आणि रामायणाचे त्यांनी तमिळमध्ये केलेले पुनर्कथन घरोघरी पोहोचले. रामायणकथेला १९५८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. या ग्रंथांच्या इंग्रजी आवृत्त्या मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने देशभर नेल्या. राजकारणातून निवृत्त झालेला साहित्यिक अशी त्यांची प्रतिमा स्थिरावत असतानाच नागपुरात एक ठराव संमत झाला.

नागपूरचा ठराव आणि नवा पक्ष

जानेवारी १९५९ मध्ये नागपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचे धोरण स्वीकारले. शेतकऱ्याची मालकी कागदावर कायम राहील, पण जमिनी एकत्र करून कसल्या जातील आणि श्रमाच्या प्रमाणात उत्पन्नाचा वाटा मिळेल, असे त्याचे स्वरूप होते. कमाल जमीनधारणेची मर्यादा आणि धान्याचा सरकारी व्यापार यांचाही पुरस्कार करण्यात आला. चौधरी चरण सिंह यांनी अधिवेशनातच या ठरावाला विरोध केला. आंध्रचे शेतकरी नेते प्रा. एन. जी. रंगा यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला.

राजाजींच्या मते हा प्रश्न केवळ शेतीचा नव्हता. लहान शेतकरी जमिनीचा धनी असतो तोवर तो कोणाचा मिंधा नसतो. ती सहकारी संस्थेच्या ताब्यात गेली की बियाण्यापासून कर्जापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी त्याला अधिकाऱ्याकडे पाहावे लागेल आणि अधिकाऱ्यामागे सत्ताधारी पक्ष असेल. मालमत्तेचा हक्क आणि मतस्वातंत्र्य या त्यांच्या दृष्टीने एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. नियोजन, परवाने आणि पक्षसंघटना एकाच हातात एकवटल्या तर निवडणुका होत राहतील, परंतु विरोध करण्याचे बळ कोणात उरणार नाही, अशी भीती त्यांना वाटत होती.

४ जून १९५९ रोजी मद्रासमध्ये नव्या पक्षाची घोषणा झाली. १ आणि २ ऑगस्टला मुंबईत त्याची पूर्वतयारी परिषद भरली. रंगा अध्यक्ष झाले आणि मुंबईचे मिनू मसानी सरचिटणीस. मसानी यांचा प्रवास बोलका होता. तीसच्या दशकात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन आदींसमवेत काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना रुजवणाऱ्यांत ते होते. स्टालिनच्या रशियातील दडपशाही पाहून त्यांचा समाजवादावरील विश्वास उडाला. क. मा. मुनशी आणि संस्थानांच्या विलीनीकरणात सरदार पटेलांचा उजवा हात ठरलेले व्ही. पी. मेनन हेही पक्षात आले. राजाजींनी स्वतः अध्यक्षपद स्वीकारले नाही. स्वराज्य या साप्ताहिकातील लेखन आणि देशभरचे दौरे हे त्यांचे साधन होते.

एकवीस तत्त्वांचा जाहीरनामा

स्वतंत्र पक्षाने आपली उद्दिष्टे एकवीस मूलभूत तत्त्वांत मांडली. सरकारचा हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा आणि व्यक्तीच्या पुढाकाराला जास्तीत जास्त वाव मिळावा, हे त्यांचे सूत्र होते. शेतीला अग्रक्रम, कसणाऱ्याची मालकी आणि सामूहिक शेतीला विरोध हे पहिले मोठे कलम होते. सार्वजनिक कामासाठी जमीन घ्यायची असेल तर योग्य मोबदला द्यावा, उद्योगांत स्पर्धा असावी, करांचा बोजा आणि सरकारी खर्च मर्यादेत राहावा, चलनवाढ रोखावी, अशा मागण्या त्यात होत्या. राज्यघटनेने दिलेल्या मूलभूत हक्कांना मूळ रूपात संरक्षण मिळावे आणि न्यायालयांचे अधिकार अबाधित राहावेत, यावर पक्षाचा विशेष भर होता. दुर्बलांची काळजी घेण्यासाठी गांधीजींच्या विश्वस्त संकल्पनेचा आधार घेण्यात आला होता.

या जाहीरनाम्यातील एक कलम भारतीय राजकारणात अनोखे होते. मूलभूत तत्त्वांत न येणाऱ्या कोणत्याही प्रश्नावर सदस्याला आपल्या मताप्रमाणे बोलण्याची आणि मतदान करण्याची मुभा देण्यात आली होती. पक्षादेशाच्या बळावर चालणाऱ्या संसदीय राजकारणात ही मुभा पक्षाला बांधून ठेवण्यास अडसर ठरणार, हे उघड होते. तरीही सत्तेला मर्यादा घालण्याची मागणी करणाऱ्या पक्षाने आपल्याच नेतृत्वावर ती आधी लागू करावी, असा तो विचार होता.

या तत्त्वांची राजाजींच्या पूर्वायुष्याशी तुलना केली, तर विसंगती लपत नाही. स्थानबद्धतेचा आणि वृत्तपत्रांवरील निर्बंधांचा कायदा संसदेत रेटणारा गृहमंत्री आता नागरिकांच्या हक्कांची ढाल मागत होता. पहिल्या घटनादुरुस्तीच्या वेळी मंत्रिमंडळात असलेला नेता १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीला कडाडून विरोध करीत होता. शाळांत हिंदी सक्तीची करणारा मुख्यमंत्री आता हिंदी ही एकमेव राजभाषा होऊ नये म्हणून झगडत होता. टीकाकारांनी याला संधिसाधूपणा म्हटले. मात्र या काळात राजाजींना कोणतेही पद मिळवायचे नव्हते. त्यांच्या बदललेल्या भूमिकांचा समान धागा सक्तीविषयीची वाढती साशंकता हा होता आणि ती त्यांच्या स्वतःच्या कारभाराच्या अनुभवातून आलेली होती.

यश, मर्यादा आणि विसंगती

१९६२ च्या निवडणुकीत तीन वर्षांच्या या पक्षाने तारा या चिन्हावर लोकसभेच्या १८ जागा जिंकल्या. बिहार, राजस्थान आणि गुजरातमध्ये तो प्रमुख विरोधी पक्ष झाला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी विक्रमी मताधिक्याने निवडून आल्या. ओरिसात माजी संस्थानिकांच्या पुढाकाराने चालणारी गणतंत्र परिषद पक्षात विलीन झाली. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा मिळवून स्वतंत्र पक्ष सर्वांत मोठा विरोधी पक्ष बनला. गुजरात विधानसभेत १६८ पैकी ६६ जागा त्याच्याकडे आल्या. ओरिसात आर. एन. सिंह देव यांच्या नेतृत्वाखाली त्याचे आघाडी सरकार आले. मद्रासमध्ये राजाजींनी द्रविड मुन्नेत्र कळघमशी युती केली आणि अण्णादुराई यांच्या पक्षाने काँग्रेसला सत्तेवरून दूर केले. तीस वर्षांपूर्वी ज्या चळवळीच्या कार्यकर्त्यांना तुरुंगात पाठवले, तिच्याच वारसांचा विजय राजाजींनी घडवून आणला होता.

या यशातच पक्षाचा कमकुवतपणा दडलेला होता. लहान शेतकऱ्याच्या मालकीसाठी उभ्या राहिलेल्या पक्षाला मते मिळत होती ती मुख्यतः राजेरजवाडे आणि बड्या जमीनदारांच्या प्रभावक्षेत्रात. संस्थानिकांची निष्ठा तत्त्वांपेक्षा आपापल्या भागातील वर्चस्वाशी होती. बिहारमधील रामगडचे राजे पक्षात आले आणि पुढे बाहेरही पडले. ज्या उद्योगजगताची बाजू पक्ष मांडत होता, ते परवान्यांसाठी सरकारवर अवलंबून असल्याने उघडपणे त्याच्या पाठीशी उभे राहायला कचरत होते. टाटा समूहाने काँग्रेससोबत स्वतंत्र पक्षालाही देणगी देण्याचे ठरवले, पण ते अपवादात्मक होते. ज्या महाराष्ट्रात पक्षाची पहिली परिषद भरली, तिथे सहकारी चळवळ आणि काँग्रेसची संघटना यांची पकड एवढी घट्ट होती की, त्याला पाय रोवता आले नाहीत.

पक्षाच्या धावपळीतही राजाजींनी अन्य चिंता सोडल्या नव्हत्या. अण्वस्त्रचाचण्या थांबवाव्यात यासाठी १९६२ मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी ते अमेरिकेला गेले आणि अध्यक्ष जॉन केनेडी यांना भेटले. राजकीय मतभेद तीव्र असूनही काश्मीरच्या प्रश्नावर नेहरूंनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या समझोत्याच्या प्रयत्नांना त्यांनी पाठिंबा दिला.

अखेरची वर्षे

१९६९ मध्ये काँग्रेस फुटली आणि इंदिरा गांधींनी बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. त्याविरुद्धची लढाई न्यायालयात गेली. स्वतंत्र पक्षाशी संबंधित असलेले मुंबईचे आर. सी. कूपर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द ठरवला. सरकारने लगेच नवा कायदा आणला. त्यानंतर संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. तनख्यांच्या बाजूने उभा राहिलेला पक्ष हा राजेरजवाड्यांचाच पक्ष आहे, हे जनतेला पटवणे सत्ताधाऱ्यांना सोपे गेले.

मार्च १९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत स्वतंत्र पक्षाने संघटना काँग्रेस, जनसंघ आणि संयुक्त समाजवादी पक्षाशी हातमिळवणी केली. समाजवादाला नकार हीच ओळख असलेला पक्ष समाजवाद्यांच्या सोबत गेला. मद्रासमध्ये राजाजी आणि कामराज हे जुने प्रतिस्पर्धी एका व्यासपीठावर आले. निकालाने सर्वांना जमिनीवर आणले. स्वतंत्र पक्षाच्या लोकसभेतील जागा ४४ वरून ८ पर्यंत घसरल्या. पक्षाध्यक्ष मसानी स्वतः पराभूत झाले आणि त्यांनी राजीनामा दिला. रंगा पुढे काँग्रेसमध्ये परतले.

त्याच वर्षी तमिळनाडूत दारूबंदी शिथिल होणार असल्याचे कळताच ९२ वर्षांच्या राजाजींनी मुख्यमंत्री करुणानिधी यांना प्रत्यक्ष भेटून ती कायम ठेवण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही. सेलममध्ये त्यांनी सुरू केलेले काम त्यांच्या डोळ्यांदेखत थांबले. २५ डिसेंबर १९७२ रोजी मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले. स्वराज्यमधील त्यांचे लेखन शेवटच्या आजारापर्यंत सुरू होते.

उरलेला वारसा

राजाजींच्या पश्चात पक्ष दोन वर्षेही टिकला नाही. ऑगस्ट १९७४ मध्ये चौधरी चरण सिंह यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारतीय लोकदलात त्याचे विलीनीकरण झाले. नागपूरच्या ठरावाला १९५९ मध्ये एकाच वेळी विरोध करणारे दोन प्रवाह पंधरा वर्षांनी एकत्र आले. आणीबाणीत विरोधी नेते तुरुंगात गेले, तेव्हा अमर्याद सत्तेविषयी राजाजींनी दिलेले इशारे अनेकांना आठवले. मात्र इतिहासाने त्यांच्या उद्दिष्टांना दिलेला निकाल सरळ नव्हता. ज्या जनता पक्षात लोकदल विलीन झाले, त्याच पक्षाच्या सरकारने १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला. याउलट बहुतेक उद्योगांवरील परवान्यांचे बंधन १९९१ मध्ये काढून टाकले ते पी. व्ही. नरसिंह राव यांच्या काँग्रेस सरकारने. संयुक्त सहकारी शेतीची योजना तर नागपूरच्या ठरावापलीकडे फारशी गेलीच नाही.

महाराष्ट्रात या विचारांना वेगळ्या मार्गाने वारस मिळाला. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र भारत पक्षाच्या नावातच जुन्या पक्षाची आठवण होती. दरम्यान, १९८९ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक कलम आले होते. नोंदणी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक राजकीय पक्षाने आपल्या घटनेत धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीबरोबरच समाजवादाशीही निष्ठा व्यक्त केली पाहिजे, अशी त्यात अट आहे. स्वतंत्र पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांनी नव्वदच्या दशकात या अटीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. राज्यसभेचे सदस्य असताना शरद जोशी यांनी ती वगळण्यासाठी खासगी विधेयक मांडले. अट अजूनही कायद्यात आहे.

राजाजींनी १९५९ मध्ये मांडलेल्या एकवीस तत्त्वांपैकी अनेक आज विविध पक्षांच्या जाहीरनाम्यांत वेगवेगळ्या शब्दांत आढळतात. पण त्याच तत्त्वांवर त्यांना आज पक्ष काढायचा असता, तर ज्या विचाराला विरोध करण्यासाठी तो निघाला, त्याच विचाराशी निष्ठा राखण्याची ग्वाही त्यांना निवडणूक आयोगाला आधी लिहून द्यावी लागली असती.